सरावाच्या वहीत जेवणाचा रकाना

पुण्यातल्या बहुतेक चांगल्या प्रशिक्षकांकडे एक वही असते. सणस मैदानावर धावपटू तयार करणाऱ्यांकडे असते, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात शिकवणाऱ्यांकडे असते, आणि पेठांतल्या तालमींमधले काही वस्तादही आता ती ठेवू लागले आहेत. कोणत्या दिवशी किती फेऱ्या झाल्या, दोन फेऱ्यांमध्ये किती विश्रांती दिली, कोणाचा पाय दुखत होता, कोणाला किती वेळ लागला, हे सगळे तिच्यात नेटकेपणाने लिहिलेले असते. त्या दिवशी त्या मुलाने सरावाआधी काय खाल्ले होते आणि सराव संपल्यावर किती वेळाने त्याच्या पोटात अन्न गेले, हे मात्र जवळजवळ कुठेच लिहिलेले नसते. मी शाळकरी आणि महाविद्यालयीन खेळाडूंच्या शारीरिक तयारीचे काम करते आणि या कामात माझे एक मत दरवर्षी अधिक पक्के होत गेले आहे, ते असे की जो प्रशिक्षक सरावाचा हिशेब ठेवतो त्यानेच जेवणाचाही हिशेब ठेवला पाहिजे. आहारतज्ज्ञांनी दिलेला तक्ता घरी फ्रिजवर लावलेला असतो आणि तो बहुधा बरोबरच असतो. तो कोलमडतो तो वेळापत्रकामुळे, आणि खेळाडूच्या दिवसाचे वेळापत्रक आईवडिलांपेक्षाही प्रशिक्षक ठरवत असतो.

नववीतल्या एका मुलीचा दिवस उदाहरणादाखल घेते. ती ८०० मीटर धावते आणि तिचे वजन ४२ किलो आहे. पहाटे पाचला उठून ती अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटे घेते आणि वडील तिला स्कूटरवरून मैदानावर सोडतात. सराव साडेसातला संपतो, आठला शाळेची व्हॅन येते, मधल्या वेळात अंघोळ आणि दप्तर, त्यामुळे न्याहारी म्हणजे उभ्या उभ्या घेतलेले कपभर दूध. शाळेच्या डब्यात दोन पोळ्या आणि भाजी असते, पण सुट्टी लहान आणि मैत्रिणी फार, म्हणून दीडच पोळी संपते. दुपारी घरी येते तेव्हा भूक मरून गेलेली असते, मग थोडासा वरणभात. चारला शिकवणी, आठवड्यातले काही दिवस साडेपाचला पुन्हा मैदान, आणि रात्री पावणेनऊला दिवसातले पहिले पोटभर जेवण. तिच्या आईने मला काळजीने सांगितले, "मॅडम, रात्री तर चांगल्या चार पोळ्या खाते हो ती." आई अगदी खरे सांगत होती, आणि अडचण नेमकी तिथेच होती.

हा सगळा आहार मोजला तर सुमारे १४०० किलोकॅलरी भरतात. दोन वेळच्या सरावाच्या दिवशी त्यांतल्या साधारण ४५० मैदानावर खर्च होतात आणि उरलेल्या ९५० मध्ये तिच्या शरीराला वाढ, पचन, रक्तनिर्मिती, हाडांची डागडुजी, मासिक पाळी, रोगप्रतिकार आणि अभ्यास हे सगळे भागवायचे असते. चरबी वगळता तिच्या शरीराचे वजन सुमारे ३४ किलो धरले, तर दर किलोमागे २८ किलोकॅलरी उरल्या. क्रीडावैद्यकात याला उपलब्ध ऊर्जा म्हणतात. प्रौढ स्त्रियांवरच्या अभ्यासांतून असे दिसले आहे की हा आकडा ४५ च्या आसपास असला की शरीर नीट चालते आणि तो ३० च्या खाली गेला की काही दिवसांतच संप्रेरकांचे काम मंदावू लागते. वाढत्या वयातल्या मुलीला प्रौढ स्त्रीपेक्षा कमी नव्हे, तर जास्तच लागते. एवढे असूनही ती मुलगी हडकुळी किंवा आजारी दिसत नव्हती. वेळ सुधारत नाही, शेवटच्या दोनशे मीटरला पाय जड होतात आणि सर्दी सारखी होते, एवढीच प्रशिक्षकाची तक्रार होती, आणि त्यावर सराव वाढवण्याचा विचार चालला होता.

तिच्या घरच्या स्वयंपाकाची पद्धत आम्ही बदलली नाही, फक्त खाण्याच्या वेळा बदलल्या आणि वाढवल्या. मैदानावर जाण्याआधी एक केळे आणि दोन-तीन खजूर. सराव संपताच, घरी पोहोचण्याच्या आधी, मैदानाच्या फाटकाशीच एक डबा: दोन उकडलेली अंडी आणि गूळ-तूप लावलेली पोळी, किंवा दाण्याचा लाडू आणि बाटलीत दूध. शाळेत एका डब्याऐवजी दोन लहान डबे, एक छोट्या सुट्टीसाठी आणि एक मोठ्या. संध्याकाळच्या सरावाआधी शिकवणीच्या बाहेर उभे राहून खाता येईल असे काहीतरी, भाजलेले चणे, चिक्की, पराठ्याची गुंडाळी. रात्रीचे जेवण होते तसेच राहिले. प्रशिक्षकांनी त्यांच्या बाजूने एकच गोष्ट केली, सराव दहा मिनिटे आधी संपवला आणि ती दहा मिनिटे खाण्याची म्हणून जाहीर केली. सगळी मुले एकत्र बसून डबा उघडू लागली, तेव्हा एकट्या मुलीला खाण्याचा जो संकोच वाटत होता तो आपोआप गेला. माझ्या मते आहारशास्त्राच्या साऱ्या ज्ञानापेक्षा त्या दहा मिनिटांचा उपयोग मोठा होता.

पालकांचा पहिला प्रश्न प्रथिनांविषयी असतो आणि बहुधा तो पावडरीच्या डब्याचे छायाचित्र दाखवून विचारलेला असतो. नियमित सराव करणाऱ्या खेळाडूला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात. आपल्या ४२ किलोच्या मुलीसाठी दीड ग्रॅमने हिशेब केला, तर ६३ ग्रॅम होतात. अर्धा लिटर दुधात १६, दोन अंड्यांत १२, दोन वाट्या घट्ट वरणात साधारण १३, मूठभर शेंगदाण्यांत ७ आणि पाच पोळ्यांत १७ ग्रॅम धरली, तर घरच्याच जेवणात ६५ होतात. अंडी न खाणाऱ्या घरात पनीर, दही, मोड आलेली मटकी आणि आठवड्यातून काही वेळा सोयाबीनच्या वड्या हे काम करतात; सुक्या वड्यांच्या १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात आणि त्या कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. महत्त्वाची बाब अशी की प्रथिने दिवसभरात चार-पाच वेळा विभागून मिळावीत, दर खेपेला वजनाच्या किलोमागे सुमारे ०.३ ग्रॅम. सगळी प्रथिने रात्रीच्या एका ताटात आली, तर सकाळच्या सरावाने थकलेल्या स्नायूंना ती बारा-तेरा तास उशिरा मिळतात.

खरी कमतरता मात्र प्रथिनांची नसून पिष्टमय पदार्थांची असते, आणि ती वाढत चालली आहे, याची मला मनापासून चिंता वाटते. चाळिशीतल्या आईवडिलांनी स्वतःचे वजन उतरवण्यासाठी भात आणि पोळी कमी केलेली असते, त्यांना त्याचा फायदाही झालेला असतो, आणि मग तोच नियम नकळत चौदा वर्षांच्या खेळाडूच्या ताटापर्यंत येतो. जोराच्या सरावात स्नायू प्रामुख्याने ग्लायकोजेन जाळतात, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर. प्रौढ माणसात हा साठा साधारण पाचशे ग्रॅमच्या आसपास असतो. दीड-दोन तासांच्या कसून केलेल्या सरावात तो तळाशी जातो आणि नीट खाल्ले तरी तो पूर्ण भरायला सुमारे चोवीस तास लागतात. रोज तासभर सराव असेल, तर दर किलो वजनामागे ५ ते ७ ग्रॅम कर्बोदके (म्हणजे पिष्टमय पदार्थ आणि साखर) आणि एक ते तीन तास असेल तर ६ ते १० ग्रॅम, असे सर्वमान्य प्रमाण आहे. आपल्या धावपटूसाठी सहाने गुणले तरी दिवसाला २५० ग्रॅम होतात. एका पोळीत साधारण २० ग्रॅम, ज्वारीच्या मध्यम भाकरीत ४० ते ४५, वाटीभर भातात ३५, बशीभर पोह्यांत ४०, केळ्यात २० ते २५. हे आकडे एकदा आईसमोर मांडले, की "भात सोडू का?" हा प्रश्न पुन्हा येत नाही. उलट ज्या दिवशी विश्रांती किंवा हलका सराव आहे त्या दिवशी हे प्रमाण खाली आणता येते, आणि ते कोणत्या दिवशी आणायचे हे फक्त प्रशिक्षकाच्या वहीला माहीत असते. म्हणून तर जेवणाचा रकाना त्याच वहीत हवा.

दीड तासाहून लांब चालणाऱ्या खेळांत धावता धावताच इंधन घ्यावे लागते. पुण्यात १९८३ पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन होते आणि दर हिवाळ्यात टेकड्यांवर, विद्यापीठाच्या रस्त्यांवर लांब पल्ल्याचा सराव करणारे शेकडो प्रौढ हौशी धावपटू दिसतात. त्यांनी तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत आणि आतड्यांनाही तशी सवय सरावातच लावावी. शर्यतीच्या दिवशी प्रथमच धावताना घ्यायच्या गोड जेलचे पाकीट फोडणाऱ्याच्या पोटाची गडबड ठरलेली असते.

आता सरावाच्या बाजूकडे वळते, कारण अन्न वाढवून चुकीचा सराव बरोबर होत नाही. पुण्यात एकाच मुलाला दोन-तीन ठिकाणी सराव असणे आता सर्रास झाले आहे. शाळेचा संघ आहे, क्लब आहे, शिवाय एखादा खासगी प्रशिक्षक किंवा जिम आहे, आणि यांतल्या कोणालाच दुसऱ्या ठिकाणी काय झाले याची कल्पना नसते. यावर एक सोपे मोजमाप आहे, ते अमेरिकन शास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी रूढ केले. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने खेळाडूने तो किती कठीण गेला हे ० ते १० मध्ये सांगायचे आणि त्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचे. साठ मिनिटांचा सराव ७ इतका कठीण वाटला, तर ४२० झाले. तिन्ही ठिकाणचे आकडे मुलाने स्वतः एका पानावर लिहिले, की आठवड्याची बेरीज निघते आणि ती एकाएकी उसळली, तर सर्वांनाच दिसते. सारखीच फेरी सारख्याच वेळात धावूनही आकडा ६ वरून ८ वर गेला असेल, तर मी पहिला प्रश्न झोपेचा विचारते आणि दुसरा जेवणाचा. किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप लागते; पहाटे पाचला उठायचे असेल, तर नऊला दिवा मालवला पाहिजे, आणि शिकवणीच्या वेळा पाहता ते शक्य नसेल, तर आठवड्यातले दोन पहाटेचे सराव सरळ काढून टाकावेत.

ताकदीच्या व्यायामाविषयी दोनच गोष्टी. वजने उचलल्याने मुलांची उंची खुंटते ही समजूत निराधार आहे. जाणकाराच्या देखरेखीखाली, आधी तंत्र आणि मग वजन या क्रमाने केलेला ताकदीचा सराव किशोरवयात सुरक्षित असतो आणि दुखापती कमी करतो. दुसरी गोष्ट आपल्या परंपरेतल्या व्यायामाची. जोर आणि बैठका यांनी खांदे, छाती आणि मांडीचा पुढचा भाग उत्तम तयार होतो, दोरावर चढण्याने आणि मल्लखांबाने ओढण्याची ताकद येते, पण मांडीच्या मागच्या स्नायूला या सगळ्यात पुरेसे काम मिळत नाही, आणि वेगाने धावणाऱ्यांचा नेमका तोच स्नायू फाटतो. गुडघ्यांवर उभे राहून, जोडीदाराला घोटे धरायला लावून, पाठ सरळ ठेवत हळूहळू पुढे झुकत जाण्याचा जो नॉर्डिक व्यायाम आहे, त्याने या दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी होतात, असे अनेक संघांवरच्या अभ्यासांतून दिसले आहे. त्याला कोणतेही साधन लागत नाही. कबड्डी आणि खो-खोच्या प्रत्येक प्रशिक्षकाने तो आठवड्यातून एकदा-दोनदा घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शिवाय तेरा ते पंधरा या वयात मुलगा झपाट्याने उंच होतो, तेव्हा दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण करावी. ज्या काळात खूण भराभर वर सरकते, त्या काळात उड्या आणि वेगाचे काम कमी करावे आणि गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखते असे मुलगा म्हणाला, तर त्याला आळशी ठरवू नये.

तालमीतल्या खुराकाविषयी मला आदर आहे. बदाम, खसखस, बेदाणे घालून पाट्यावर वाटलेली थंडाई, दूध, तूप, अंडी, मटण, आणि तेही ठरलेल्या वेळी, ठरलेल्या हातांनी तयार केलेले. सराव आणि आहार एकाच छपराखाली, एकाच माणसाच्या नजरेखाली ठेवण्याची ही जुनी व्यवस्था आहे, आणि २००१ मध्ये पुण्यातच सुरू झालेल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेतली निवासी व्यवस्थाही मुळात त्याच तत्त्वावर चालते. घरून ये-जा करणाऱ्या खेळाडूला हे मिळत नाही. पण त्याच तालमीत, स्पर्धा तोंडावर आली की वजन तोडण्याचा जो प्रकार सुरू होतो, तो मला पाहवत नाही. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दोन दिवस पाण्याविना, स्वेटरवर रेनकोट चढवून कुस्तीच्या हौद्याभोवती धावत असतो, तोंडात बर्फाचा खडा धरून थुंकत असतो, आणि भोवतालची मंडळी त्याला जिद्द म्हणून वाखाणत असतात. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर असेच वजन तोडताना काही आठवड्यांच्या अंतराने दगावले, त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत रबरी सूट आणि वाफेच्या खोल्या यांवर बंदी आली आणि हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाचे किमान वजन ठरवण्याची पद्धत सुरू झाली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचूनही दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरल्याने अपात्र ठरली. जागतिक दर्जाचे वैद्यकीय पथक हाताशी असूनही शेवटच्या रात्रीचे गणित चुकू शकते, तिथे शालेय स्पर्धेतल्या मुलावर तो प्रयोग कशासाठी करायचा? वाढत्या मुलाला वरच्या गटात खेळू द्यावे. प्रौढ मल्लाचे वजन कमी करायचेच असेल, तर ते काही आठवडे आधीपासून, आठवड्याला अर्ध्या ते एक टक्क्याच्या गतीने आणि प्रथिने न घटवता करावे.

मुलींच्या बाबतीत पुरुष प्रशिक्षक एका विषयावर गप्प बसतात, आणि त्या संकोचाची किंमत मुली मोजतात. कसून सराव करणाऱ्या मुलीची पाळी बंद झाली, तर ते तंदुरुस्तीचे लक्षण आहे, असा समज अजूनही कानांवर येतो. ते कमी ऊर्जेचे लक्षण असू शकते आणि त्यासोबत हाडांची घनता घटत असते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता असे व्यापक नाव दिले, कारण ती पुरुष खेळाडूंतही आढळते; २०२३ मध्ये त्याविषयीची मार्गदर्शक मते अद्ययावत झाली. सलग तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. नडगीच्या एकाच जागी बोट ठेवून दुखते असे मुलगी सांगत असेल, तर तिला धावायला लावू नये. प्रशिक्षकाने वहीत पाळीची तारीख विचारणे अवघड वाटत असेल, तर संघातल्या एखाद्या ताईकडे ते काम द्यावे, पण ते कोणाचे तरी काम असले पाहिजे. आणि सर्वांसमोर वजनकाट्यावर उभे करून आकडा मोठ्याने वाचणे आजपासून बंद करावे.

लोहाचा प्रश्न याच्याच जोडीने येतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता, आणि खेळाडू मुली त्याच घरांतून येतात. हिमोग्लोबिन १२ च्या वर असले, तरी लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन खाली गेलेले असू शकते, म्हणून हंगामाच्या आधी दोन्ही तपासावीत. घरच्या पातळीवर दोन सवयी फार उपयोगी पडतात. पोह्यांवर लिंबू पिळावे, कारण क जीवनसत्त्वाने वनस्पतींतले लोह चांगले शोषले जाते, आणि जेवणासोबतचा चहा तासाभराने पुढे ढकलावा, कारण चहातली टॅनिन्स ते शोषण अडवतात. अळिवाचे लाडू, पालेभाज्या, खजूर, कडधान्ये आणि मांसाहारी घरांत मटण-कलेजी यांचा आधार घ्यावा. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय आणि डॉक्टरांशिवाय घेऊ नयेत.

उपवासाविषयी मी कोणाला मोडा असे सांगत नाही. श्रावणी सोमवार आणि नवरात्र शालेय स्पर्धांच्या हंगामातच येतात, तेव्हा वस्तुस्थिती धरून नियोजन करावे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यातली प्रथिने दाण्याच्या कुटातून येतात, म्हणून कूट सढळ हाताने घालावे. वरईचा भात आणि दाण्याची आमटी, दही, दूध, रताळे, राजगिऱ्याचा लाडू यांच्या जोरावर एक मध्यम सराव आरामात होतो. निर्जळी उपवासाच्या दिवशी मात्र सरावच ठेवू नये. रमजानमध्ये रोजा ठेवणाऱ्या मुलांचा कसाचा सराव इफ्तारनंतर घ्यावा, किंवा हलका सराव इफ्तारच्या अगदी आधी संपेल असा ठेवावा. अनेक प्रशिक्षक हे आनंदाने करतात आणि संघात त्याचा फार चांगला परिणाम होतो.

एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारचे तापमान ४० अंशांच्या आसपास जाते आणि सिंथेटिक ट्रॅक त्याहून तापतो, तरीही सुट्टीतली शिबिरे चारला सुरू होतात. ती साडेपाचच्या आधी सुरू करू नयेत, आणि पहिले दहा-बारा दिवस सराव हलका ठेवून शरीराला उन्हाची सवय होऊ द्यावी. सरावाआधी आणि नंतर वजन केले, की घामाचा नेमका हिशेब मिळतो: पन्नास किलोच्या मुलाचे एक किलो घटले तर ते दोन टक्के झाले, आणि त्याहून अधिक घट झाली की दमसासाच्या खेळात कामगिरी खालावते. घटलेल्या प्रत्येक किलोमागे पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर द्रव घ्यावा. लिटरभर पाण्यात दोन लिंबे, ५० ग्रॅम साखर आणि पाव चमचा मीठ, एवढे घरचे सरबत पुरते. मुलगा असंबद्ध बोलू लागला, अडखळून पडला आणि अंग तापलेले असेल, तर रुग्णवाहिका बोलवावीच, पण ती येईपर्यंत वाट न पाहता त्याला बर्फाच्या किंवा गार पाण्यात बसवावे, ते नसेल तर अंगावर सतत गार पाणी ओतावे. उष्माघातात पहिल्या अर्ध्या तासातली थंडाव्याची सोय जीव वाचवते. शिबिराच्या मैदानावर मोठा टब आणि बर्फ असल्याशिवाय शिबिर सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावडरी आणि गोळ्यांवर फार लिहीत नाही. अठराच्या खालच्या मुलांना त्यांची गरज नाही. प्रौढ खेळाडूंसाठी क्रिएटिन दिवसाला ३ ते ५ ग्रॅम आणि कॅफिन यांच्या बाजूने चांगला पुरावा आहे, पण कोणत्याही डब्यात बंदी असलेला पदार्थ मिसळलेला निघाला, तर जबाबदारी खेळाडूचीच असते. "मला जिममधल्या दादाने दिले" हे कारण चालत नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या (वाडा) २०२३ च्या आकडेवारीत, मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत दोषी नमुन्यांचे प्रमाण भारतात सर्वाधिक, म्हणजे ३.८ टक्के होते. सर्दी-खोकल्याचे औषध घेतानाही खेळाडूने डॉक्टरांना "माझी चाचणी होऊ शकते" असे आधी सांगावे.

स्पर्धेच्या दिवसाची तयारी आदल्या रात्री डबे भरण्यापासून सुरू होते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या संकुलात सकाळी आठला हजेरी, अकराला प्राथमिक फेरी आणि साडेचारला अंतिम फेरी असा दिवस नेहमीचाच, आणि बाहेरच्या गाड्यांवर मिळतात ते वडापाव आणि भजी. तळलेले अन्न जठरात रेंगाळते. शर्यतीच्या तीन तास आधी मऊ भात, वरण आणि थोडेसे तूप, तासभर आधी केळे किंवा गुळाची पोळी, दोन फेऱ्यांच्या मध्ये सरबत, राजगिऱ्याची वडी, दहीभात, आणि सरावात कधी खाल्ले नाही असे काहीही नाही. प्राथमिक फेरी संपल्यावर पहिल्या अर्ध्या तासात खाल्ले, तर अंतिम फेरीसाठी साठा बऱ्यापैकी भरतो; मुले मात्र नेमकी त्या वेळी निकालाच्या फलकापाशी उभी असतात आणि त्यांना तिथून हाताला धरून डब्यापाशी आणावे लागते.

बाहेरगावच्या राज्यस्तरीय स्पर्धांना जाताना प्रशिक्षकाने आयोजकांना राहण्याच्या सोयीबरोबर मेसच्या वेळाही विचाराव्यात. शेवटचा सामना रात्री नऊला संपणार आणि मेस साडेआठला बंद होणार, अशी स्थिती हमखास येते, आणि मग दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरी खेळणारा संघ बिस्किटांवर झोपतो. मेसवाल्या काकांना आधीच फोन करून पंधरा ताटे झाकून ठेवायला सांगितली, तर ते कधी नाही म्हणत नाहीत.